अठरा फर्म्यांची फेरी

पुस्तक वाचणाऱ्याला वाटतं, हे लिहिणाऱ्याने केलं. लिहिणाऱ्याला वाटतं, छापणाऱ्याने केलं. या दोघांच्या मधे एक बाई चालत असते, हे दोघांच्याही गावी नसतं.

छापून आलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की त्याची सोळा पानं होतात. त्याला फर्मा म्हणतात. असे अठरा फर्मे ओळीने एकत्र आले की पुस्तकाचं पोट तयार. बांधणीच्या त्या कारखान्यात एक लांबलचक टेबल होतं, दोन दारं आडवी जोडून ठेवावीत एवढं. त्याच्या चहूबाजूंनी अठरा थप्प्या लावलेल्या असत. ती बाई अठराव्या थप्पीपासून निघे. उजव्या हाताने फर्मा उचलायचा, डाव्या हातावर ठेवायचा, एक पाऊल टाकायचं, सतरावा उचलायचा, त्याच्यावर ठेवायचा. टेबलाला वळसा पुरा झाला की पहिला फर्मा सगळ्यांत वर आणि डाव्या हातावर एक अख्खं पुस्तक. ते गठ्ठ्यावर ठेवलं की पुन्हा अठरावा. दिवसाला सहाशे वळसे. असं बावीस वर्षं.

कारखान्यात तिला सगळे फेरीवाली ताई म्हणत. नवीन आलेल्या बायका फसायच्या, विचारायच्या, "ताई, भाजी विकता का हो तुम्ही?" मग हशा पिकायचा आणि ताईही हसायची. म्हातारा मिस्त्री एकदा म्हणाला होता, "मी बसल्याबसल्या हिशेब केला, बाई. आजवर तू पृथ्वीला एक अख्खा वळसा घातलास. पण पोचलीस कुठे? याच टेबलाशी."

हा मिस्त्री जुळलेले गठ्ठे तपासायचा. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक बारीक काळी रेघ छापलेली असते, आणि ती पुढच्या फर्म्यावर थोडी खाली असते. फर्मे बरोबर लागले असतील तर पुस्तकाच्या पाठीवर रेघांचा जिना उतरलेला दिसतो. एक पायरी चुकली की काहीतरी चुकलं. मिस्त्री अंगठा फिरवत एकेक जिना बघायचा. पण अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी त्याने फेरीवाल्या ताईचा गठ्ठा उचलला आणि न बघताच शिलाईच्या टेबलावर नेऊन ठेवला. "हिचा गठ्ठा बघायचा म्हणजे डोळ्यांना बिनपगारी राबवायचं," एवढंच बोलला. तेव्हापासून तिचं काम बिनतपासणीचं. बाकीच्या बायका चिडवायच्या, "तुझं बरं आहे, परीक्षेला न बसता पास." ती वर काही दाखवायची नाही, पण घरी जाताना बसच्या खिडकीत ती ताठ बसलेली असे. माणसाला मिरवायला फार काही लागत नाही. तिला एवढंच मिळालं होतं आणि ते तिला पुरत होतं.

मग तापाची साथ आली. घरोघर गेली तशी तिच्याही घरी आली. नवरा पाच दिवस खोकला आणि उठून पुन्हा गाडीवर गेला. तो पावाच्या बेकरीची गाडी चालवायचा. मुलगी दोन दिवसांत बरी झाली. ही मात्र बारा दिवस अंथरुणाला खिळली. तेराव्या दिवशी ताप उतरला. पण पाहुण्याने जाताना घरातली एखादी वस्तू उचलून न्यावी तसा तो काहीतरी घेऊन गेला, आणि काय नेलं तेच तिला सांगता येईना.

डाळीत मीठ घातलं की नाही, हे आठवेना. नवरा पहिला घास घेऊन म्हणाला, "आज समुद्रावर गेलो होतो का आपण?" ती हसली नाही, कारण बोलणं कळायलाच तिला वेळ लागला. चमचा हवा असला तर "ते… ते हे दे गं" म्हणायची. शेजारणीने जिन्यात विचारलं, "कशी आहेस?" तर शेजारीण वरच्या मजल्यावर पोचल्यावर हिच्या ओठांवर उत्तर आलं. दुपारी दोन भांडी घासून ती खुर्चीत बसे आणि संध्याकाळी तिथेच असे. झोप म्हणावी तर डोळे उघडे. डोक्यात ओली रद्दी भरल्यासारखं वाटे. पानं सगळी तिथेच, पण एकमेकांना चिकटलेली, एकही सुटं होत नाही.

डॉक्टरने रक्त तपासलं. सगळं चांगलं आलं. नवऱ्याने रस्त्यातच कागद कपाळाला लावला. ती मात्र दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. काही निघालं असतं तर त्याला नाव असतं, नाव असतं तर गोळी असती. डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला होता, "या तापानंतर काहींचं असं होतं. नीट खा, नीट झोपा, दमायच्या आत थांबा."

"किती दिवस?"

"ते मलाही सांगता येणार नाही."

यातला "नीट खा" हा शब्द मुलीने उचलला. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, हातात फोन, आणि आईला बरं करायचंच ही जिद्द. एका रविवारी तिने कपाटाच्या दारावर तक्ता लावला. साखर बंद. मैदा बंद. रात्री भिजवलेले सात अक्रोड. दोन अंडी. आठवड्यातून तीनदा मासे. पालक, बीट, भोपळ्याच्या बिया, आठ पेले पाणी. शिवाय एक वही, त्यात आईने काय खाल्लं आणि तिचा दिवस कसा गेला, ते रोज लिहायचं.

"बघ आई, अक्रोड अगदी मेंदूसारखा दिसतो."

"मग मला शेंगदाणाच दे," बाप म्हणाला. "माझा तेवढाच आहे."

"बाबा, गप्प बसा हो. आणि तुमचीही साखर बंद. आईसमोर पिऊ नका."

बिचारा बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायला लागला. पालकाची सहावी भाजी पानात आली तेव्हा म्हणाला, "एवढ्या पालकात गाढव पदवीधर झालं असतं." पण खाल्ला त्याने. तिनेही खाल्ला. तिने सगळं खाल्लं. चव लागायची नाही, तरी औषध घ्यावं तसं चावून चावून गिळलं. अक्रोडाची साल जिभेला कडू लागायची. तीही तिने काढून टाकली नाही, न जाणो गुण तिच्यातच असला तर!

चौथ्या आठवड्यात एक सकाळ उजाडली ती धुतल्यासारखी. तिला कपाटातल्या प्रत्येक डब्यात काय आहे ते आठवलं. नवऱ्याच्या आत्याचा जुना पत्ता घरनंबरासकट आठवला. तिने खिडकी पुसली, स्वयंपाक केला, आणि शब्द न मागता आपोआप येत गेले. मुलीने वहीत तारखेखाली तीन रेघा ओढल्या. "मासे! काल मासे खाल्ले होतेस तू!" दुसऱ्या दिवशी पुन्हा मासे आणले. पण दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली आणि नळ सोडून बादलीकडे बघत उभी राहिली, मुलीने दार वाजवेपर्यंत.

चांगला दिवस असा एकदाच येऊन तोंड दाखवून गेला. त्याचं वाईट असं की त्यामुळे आशा सुटेना. वाईट दिवस आला की ती आदल्या दिवसाचा घास न् घास आठवायला बसे, चोर शोधावा तशी. अंडं कच्चं राहिलं का? पाणी सातच पेले झालं का? आजारी पडण्यात आपली चूक नव्हती. पण बरं न होण्यात नक्की आपलीच आहे, असं तिच्या मनाने घेतलं.

दोन महिन्यांनी ती कामावर गेली. मिस्त्री उठून उभा राहिला. "आली का फेरीवाली! अगं, टेबल सुनं पडलं होतं." तिच्या जागी एक नवी बाई लागली होती, तिला सगळे नवीच म्हणत. आता दोघी चालणार होत्या.

पहिल्याच तासात ताईला कळलं की पाय विसरलेले नाहीत. पाय चालत होते, हात उचलत होते. पण पूर्वी हात उचलत असताना आत कुणीतरी मोजत असे, ते आता मोजत नव्हतं. मिस्त्रीला सांगावं, थोडे दिवस माझेही गठ्ठे बघत चला. किती साधं वाक्य! पण ते दातांपर्यंत यायचं आणि परत जायचं. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीपाशी गेली आणि म्हणाली, "मिस्त्री, ते… गोंद संपत आलाय." तिसऱ्या दिवशी मिस्त्रीने स्वतःच तिचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला. तिचा जीव भांड्यात पडला. आता हा बघेल, न सांगता सुटका होईल. मिस्त्री नवीकडे वळून म्हणाला, "हा बघ. याला म्हणतात काम. हा न बघता जातो." आणि गठ्ठा शिलाईच्या टेबलावर ठेवला.

त्यानंतर तिला सांगणं जमलं नाही.

त्या महिन्यात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं पुस्तक चाललं होतं. चालताचालता एखादी थप्पी संपली की खालून नवा गठ्ठा काढून तिथे लावायचा, आणि लावण्याआधी पहिल्या पानाचा आकडा वाचायचा. एका दुपारी सातवी थप्पी संपली. सातव्या फर्म्याचं पहिलं पान सत्त्याण्णव. ताईने खाली वाकून गठ्ठा काढला, आकडा वाचला, एक्याऐंशी. तोंडाने म्हटलाही. पण आत कुणी दार उघडलं नाही. तो सहाव्याचा गठ्ठा, आणि संपल्यावर त्याच्याच खालचा दुसरा, तिने सातव्याच्या जागी लावला आणि चालत राहिली.

बारा दिवसांनी पुस्तकं परत आली. दोनशे ऐंशी. शहाण्णव पानानंतर पुन्हा एक्याऐंशी, मग एकदम एकशे तेरा. मधली सोळा पानं गायब, आणि त्या सोळा पानांत लहान मुलांना किती औषध द्यायचं त्याचे तक्ते होते. मालक कारखान्यात फार येत नसे, तो आला, एक पुस्तक उघडून टेबलावर पालथं टाकलं आणि म्हणाला, "एका पोरीने वर्गात विचारलं म्हणून कळलं. नाहीतर?"

सगळ्यांनी नवीकडे पाहिलं. फेरीवाल्या ताईकडे बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. नवीचा चेहरा उतरला. "मी आकडा वाचते हो. शपथ, दर वेळी वाचते."

"हिला बोलू नका," मिस्त्री म्हणाला. "हिचे गठ्ठे मी तपासतो. दोनशे ऐंशी जिने मोडलेले आणि मला दिसले नाहीत. माझे डोळे गेले, मालक." आणि तो चष्मा काढून हातात धरून उभा राहिला, जणू चष्माच परत करायचा आहे. "महिनाअखेर मोकळं करा मला."

ताई टेबलाच्या पलीकडे उभी होती. ती मनाशी विचारत होती, मी केलं का? आणि तिला काही आठवत नव्हतं. ती दुपार तिच्याकडे नव्हतीच. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्यावर ती टेबलाखाली वाकली. सहावा फर्मा दोनदा गेला असेल तर सातवा उरला असणार. तिच्या बाजूच्या फळीवर, मागे भिंतीला लागून, दोन गठ्ठे न सोडलेले पडले होते. वर सातचा आकडा. दोरीला तिची गाठ, दोन वेढे आणि उलटा फास. ती गाठ कारखान्यात दुसरं कुणी मारत नसे.

दहा पावलांवर रद्दीचं पोतं होतं. गठ्ठे त्यात टाकले असते तर संध्याकाळी ते तोलून गेले असते. मिस्त्री तसाही म्हातारा झालाच होता. तिने गठ्ठे उराशी धरले आणि पोत्यापर्यंत गेली. मग परत आली आणि ते जागेवर ठेवले. त्या दिवशी तिच्याने बोलवलं नाही.

घरी तिने मुलीला सांगितलं. मुलीने लगेच वही काढली.

"कुठली तारीख? बारा दिवसांपूर्वीची? थांब. हे बघ, हे बघ आई! त्या दिवशी तू कामावर दोन गोड बिस्किटं खाल्लीस. मीच लिहिलंय." तिचा आवाज जवळजवळ आनंदाचा होता. "साखर! तरी मी सांगत होते."

ताईने वही आपल्याकडे ओढली. सावकाश, बोट ठेवत, आकडे लावत ती पानं उलटत गेली. "आणि हा दिवस? या दिवशी सात अक्रोड आहेत, मासे आहेत, पाणीही आठ पेले. या दिवशी मी गॅस चालू ठेवून झोपले होते. हा बघ. इथेही सगळं खाल्लंय. या दिवशी मला परतीची बस सापडली नाही, बाबा घ्यायला आले होते."

"म्हणजे थोडा वेळ लागेल अजून. बीट वाढवू या का?"

"बाळ, बिस्किटाने नाही झालं ते."

"मग मी काय करू?" मुलगी ओरडली. "मला दुसरं काय करता येतंय? सांग ना! गिळायला काहीतरी तरी आहे, एवढंच आहे माझ्याकडे!"

बाप दारात उभा होता, जोडे हातात धरून. त्याच्याकडे नेहमी एक विनोद तयार असे. आज त्याने आत येऊन नुसता मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिघांनी त्या संध्याकाळी पुढे आलं ते जेवून घेतलं, कुणीही काय आहे ते न बघता.

सकाळी कारखान्यात ती थेट मिस्त्रीच्या टेबलाशी गेली आणि सातचे दोन्ही गठ्ठे त्याच्यासमोर ठेवले.

मिस्त्रीने गाठ पाहिली. त्याने तो फास बोटाने सैल केला, पुन्हा आवळला. "होतं गं एखाद्या वेळी," तो म्हणाला. "बावीस वर्षांत एकदा."

"डोळे तुमचे शाबूत आहेत, मिस्त्री. माझंच आतलं गेलंय. कालचे माझे गठ्ठे तपासा."

"राहू दे की."

"तपासा हो."

त्याने चष्मा लावला. वरची वीस पुस्तकं घेतली आणि अंगठा फिरवू लागला, अकरा वर्षांनी पहिल्यांदा. ती समोर उभी राहिली, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी हात मागे बांधून. पाचवं पुस्तक त्याने बाजूला ठेवलं. मग नववं. मग सतरावं आणि अठरावं. शिलाईच्या बायकांची यंत्रं एकेक करून थांबली.

नवी पुढे आली. कालचं सगळं तिच्यावर आलं होतं, तरी तिच्या बोलण्यात त्याचा आंबटपणा नव्हता. "ताई, असं करू. मी पुढे चालते आणि आकडा म्हणते. तुम्ही माझ्यामागून उचला. थोड्या दिवसांत बसेल पुन्हा."

दोघी निघाल्या. "अठरा," नवी म्हणाली. ताईने उचलला. "सतरा." उचलला. "सोळा." पाय आपल्या ओळखीच्या वाटेवर होते. वळणावर ताईला वाटलं, जमतंय. "अकरा. दहा." मग तिचा उजवा हात दोन थप्प्यांच्या मधे हवेत थांबला. दहावा घेतला की घ्यायचाय? तिने डाव्या हातावरच्या ढिगाकडे पाहिलं. वर एक आकडा छापलेला होता. तो आकडा होता, हे तिला कळत होतं. नवी पुढे गेली होती. "सहा," तिचा आवाज टेबलाच्या पलीकडून आला. "पाच. ताई?"

ताईने डाव्या हातावरचं अर्धं पुस्तक टेबलाच्या कडेवर ठेवलं, कोपरे जुळवून, नीट. मग ती टेबलाच्या पायाला पाठ टेकून जमिनीवर बसली. पाय पुढे पसरले. कुणीतरी पाणी आणलं. तिने पेला घेतला आणि तो प्यायचा असतो हे आठवेपर्यंत हातात धरून बसली.

मिस्त्री जवळ येऊन उकिडवा बसला. "घरी सोडायला सांगू का कुणाला?"

"बसते जरा."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याने पाहिलं, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि तोंड दुसरीकडे करून नवीला म्हणाला, "तू चालत राहा. आज ही सगळी नव्याने जुळवून परत जायची आहेत."

नवी चालू लागली. आकडे आता ती मनात म्हणत होती. वळसा घेऊन ती ताईपाशी आली की पसरलेल्या पायांवरून जपून पाय टाकी, पुढे जाई. दुसऱ्या फेरीला तिचा पाय अडखळला, एक फर्मा निसटून खाली पडला. "काही नाही, काही नाही ताई," ती वाकून म्हणाली.

तिसऱ्या फेरीचा पायरव जवळ आला, तेव्हा ताईने गुडघे उचलून पोटाशी घेतले आणि साडीचा घोळ त्यांच्याखाली खोचून ती टेबलाच्या पायाला आणखी चिकटून बसली, म्हणजे नवीला वाट मोकळी राहील.